फोन माझा आहे, मग त्यात कुठलं ॲप टाकायचं ते गूगल का ठरवणार?

अँड्रॉइडमध्ये एक मोठा बदल येतोय आणि आपल्याकडे त्यावर फारसं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितोय, जरा लांबेल पण वाचा. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की ज्या डेव्हलपरने (ॲप बनवणाऱ्याने) त्यांच्याकडे नाव-पत्ता-ओळखपत्र देऊन नोंदणी केलेली नाही त्याचं ॲप सर्टिफाइड फोनवर (म्हणजे प्ले स्टोअर असलेले जवळपास सगळेच फोन) नेहमीसारखं इन्स्टॉल होणार नाही. आणि हे फक्त प्ले स्टोअरपुरतं नाही हां, वेबसाइटवरून घेतलेली एपीके (म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल), मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके, सगळ्यांना लागू. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बाकीचं जग, म्हणजे आपणही.

कारण सांगितलंय फसवणुकीचं, आणि ते खोटं नाहीये. आरटीओ चलानच्या नावाने एपीके, लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, उघडली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, ओटीपी तिकडे जातो आणि खातं रिकामं. आपल्याकडे किती घरांत हे झालंय ते पेपर वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. हे थांबलंच पाहिजे.

पण डेव्हलपरचं ओळखपत्र घेऊन हे थांबेल असं मला अजिबात वाटत नाही. बँक खात्याला केवायसी आहेच की, तरी चोरीचे पैसे फिरतात ते गरजू माणसांकडून भाड्याने घेतलेल्या खात्यांतूनच ना? उद्या डेव्हलपर अकाउंटही तसंच भाड्याने मिळेल. आणि खुद्द प्ले स्टोअरचं काय? एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने २,५०० च्या वर लोन ॲप्स तिथून काढली किंवा बंद केली, हे सरकारनेच संसदेत सांगितलंय. ती तर गूगलच्याच दुकानात होती!

मरणार कोण, तर छोटा माणूस. माझ्या एका मित्राने त्यांच्या भिशीच्या हिशोबासाठी ॲप बनवलंय, कुणाचा नंबर लागला, कुणाचा हप्ता राहिला, एवढंच. ग्रुपवर एपीके टाकली, सगळ्यांनी घेतली, विषय संपला. आता त्याने यासाठी ओळखपत्र अपलोड करायचं आणि २५ डॉलर भरायचे? विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळं अकाउंट ठेवलंय म्हणतात, पण त्यात ॲप किती फोनवर चालेल यालाच मर्यादा.

एफ-ड्रॉइडची अडचण तर याहून मोठी आहे. २०१० पासून चालू असलेलं हे ओपन सोर्स ॲप्सचं भांडार, सोर्स कोड सगळ्यांसमोर, वापरायला अकाउंटसुद्धा लागत नाही. त्यातली बरीच ॲप्स त्या कोडवरून एफ-ड्रॉइडवालेच तयार करतात आणि स्वतःच्या साइनिंग कीने (डिजिटल सहीच्या किल्लीने) साइन करतात. नव्या नियमात ॲपचं पॅकेज नेम (फोन ॲपला ज्या नावाने ओळखतो ते) आणि ही साइनिंग की एका नोंदणीकृत डेव्हलपरच्या नावावर हवी. शेकडो लोकांनी हौसेने लिहिलेल्या ॲप्सची मालकी ते स्वतःच्या नावावर कशी लावणार? त्यांनी २०२५ मध्येच स्पष्ट लिहिलं की हा नियम असाच आला तर आमचं काम बंद पडेल.

वाईट याचं वाटतं की दुसरा रस्ता गूगलकडेच आहे. बाहेरून येणारं ॲप एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीसारखी (स्क्रीन वाचायची, आपल्या वतीने बटणं दाबायची) धोक्याची परवानगी मागत असेल तर प्ले प्रोटेक्टने (फोनमधल्या गूगलच्या ॲप-तपासणीने) ते तिथेच अडवायचं, हा प्रयोग सिंगापूरमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नंतर भारतातही आणला. ॲप काय करतंय ते बघा ना. भिशीच्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी लागतच नाही, ते तुम्ही सोडून द्याल, चलानवाली एपीके अडकेल.

ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगल थोडं मागे आलं, जाणकारांसाठी नोंदणी नसलेलं ॲप टाकायची वेगळी सोय ठेवू म्हणाले. चांगलंय, पण ती सोय सेटिंग्जच्या सात पडद्यांआड लपवली तर भिशीतल्या काकूंना तिचा काय उपयोग? कंप्युटरला केबल लावून एडीबीने (डेव्हलपर लोक कंप्युटरवरून कमांड देऊन वापरतात त्या टूलने) टाका हे उत्तर तर त्यांना सांगूच नका.

तुमच्यापैकी कुणी शाळेसाठी, सोसायटीसाठी, दूध डेअरीच्या नोंदीसाठी असं घरगुती ॲप बनवून वाटलं असेल तर खाली लिहा, कुणासाठी आहे आणि काय काम करतं ते. आपल्याकडे हा नियम यायच्या आत अशी उदाहरणं एकत्र करून गूगलला आणि आयटी मंत्रालयाला पाठवायची आहेत, मसुदा मी करतो.