सुट्टीत मुलांना अफवा करायला शिकवा

ॲबॅकस झालं, कराटे झालं, आता मुलांना जन्मभर कामाला येईल असं काहीतरी शिकवा. केंब्रिजच्या संशोधकांनी म्हणे २०१८ मध्ये ‘बॅड न्यूज’ नावाचा खेळ आणला. त्यात खेळणाऱ्याने स्वतः खोट्या बातम्या रचायच्या, म्हणजे लस टोचल्यागत पुढे दुसऱ्याची थाप चटकन कळते. एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडे सोसायटीचा ग्रुप आहे आणि शिकवायला रिटायर्ड काका चोवीस तास हजर.

आधी हे बिंबवा की खोटं बोलायचं नाही. दचकू नका. खोटं रचायला डोकं लागतं, खऱ्याला नुसती कात्री पुरते. २०१८ मध्येच मोटरसायकलवरून पोर उचलून नेणाऱ्यांचा व्हिडिओ घरोघरी फिरला होता ना? मूळ फिल्म कराचीतली, पालकांना सावध करणारी. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट छाटला. काम फत्ते! मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अशाच अफवेपायी त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. हे मुलांना सांगू नका, उगाच हिरमोड होतो.

हंगाम साधणंही महत्त्वाचं, आणि मुंबईत पावसाळ्यासारखा हंगाम नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात पाण्याचा लोंढा येतोय अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसं गेली. घाबरलेला माणूस पुरावा मागत नाही. भाविकही मागत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमचा समुद्र गोड झाला म्हणून लोकांनी बाटल्या भरभरून ते पाणी प्यायलं. मिठी नदी सगळ्या गटारांसकट तिथेच समुद्राला मिळते, पण महापालिका ‘पिऊ नका’ म्हणून सांगत राहिली तरी ऐकतो कोण!

बाकी किरकोळ. मेसेजवर तारीख कधीच घालू नये. ‘उद्यापासून लोकल बंद’ हा मजकूर दरवर्षी ताजाच राहतो. दुसऱ्या देशातला पूर दादरचा म्हणून खपवायचा असेल, तर दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेट आधी कापाव्यात, बिंग तिथेच फुटतं. खाली एखाद्या मोठ्या हॉस्पिटलचा डॉक्टर टाकावा, आडनावाशिवाय.

धोका एकच. पोरगं तयार झालं की तुमचेच फॉरवर्ड तपासायला लागतं. जेवताना विचारतं, ‘बाबा, हा व्हिडिओ अर्धाच का आहे? कधीचा आहे? तुम्हाला कुणी पाठवला?’ अशा वेळी मोठ्यांना उलट विचारू नये एवढंच सांगावं आणि त्याला फॅमिली ग्रुपमधून काढून टाकावं. ॲडमिन तुम्हीच आहात ना?