डंकलियोस्टियस आखडतो तेव्हा

प्रागैतिहासिक शिकारी माशांच्या फिगर, म्हणजे छोट्या प्रतिकृती, जमवणाऱ्याला वाटतं, 36 कोटी वर्षांपूर्वी मेलेला मासा तरी आहे तसा राहील. कसला राहतोय! पाच ते दहा मीटर लांबीचा म्हणून मिरवणारा चिलखती डंकलियोस्टियस 2023 च्या संशोधनात जेमतेम चार मीटरवर आला. वर भलताच गुटगुटीत निघाला.

मूळ भानगड अशी, की त्याचं डोक्या-छातीवरचं हाडांचं कवच तेवढं दगडात टिकलं. मागचं शरीर कूर्चेचं, ते विरघळून गेलं. म्हणजे मानेच्या पुढे शास्त्र आणि मागे अंदाजपंचे! माझ्या जुन्या फिगरला वाम माशाची शेपटी आहे, नव्याला शार्कची.

खोक्यावर 1:30 हे प्रमाण छापलंय. फिगर 30 सेंटिमीटर, म्हणजे मासा नऊ मीटरचा. आता खरा मासा चारच मीटर म्हटल्यावर तीच फिगर 1:13 वर गेली. कुणी हात न लावता! शेजारचा 1:30 चा झिफॅक्टिनस, तोही जुना शिकारी मासाच, बिचारा तिच्यापुढे पिल्लू दिसायला लागला.

हेलिकोप्रियन या दुसऱ्या प्राचीन माशाचं तर विचारूच नका. त्याच्या दातांचं वेटोळं अभ्यासकांनी नाकावर लावलं, पाठीवर लावलं, शेपटीलाही लावून पाहिलं. 2013 मध्ये सीटी स्कॅनने ते खालच्या जबड्यात नेऊन बसवलं. नाकावर वेटोळं मिरवणारी फिगर मी मागच्या रांगेत ठेवली आहे. जाणकार पाहुणे आले की तोंड भिंतीकडे.

शिवाय धूळ. ती नेमकी कवचाच्या खाचांत बसते. रंगाचा बारीक ब्रश घेऊन पुसायला बसलो, की डंकलियोस्टियसचा खालचा जबडा लटकन खाली. खरा मासा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तोंड उघडायचा आणि 4,400 न्यूटनच्या जोराने चावायचा, असं 2007 चं गणित सांगतं. आमच्याला उघडणं तेवढं जमतं.

भाचीने त्यात डोकावून विचारलं, "मामा, याचे दात पडले?"

"दात नव्हतेच गं. जबड्याची हाडंच पात्यांसारखी. एकमेकांवर घासून त्यांना धार लागायची."

"म्हणजे याला कुणी ब्रश कर म्हणत नव्हतं?" असं म्हणून तिने त्याच्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं माझ्याकडे आजवर पाहिलेलं नाही.

बायकोचं म्हणणं साधं आहे. "अहो, तो मासा नक्की कसा होता ते एकदा ठरू दे, मग घ्या."

पटलं मला. नवा, गुटगुटीत डंकलियोस्टियस आलाय बाजारात. शेपटीचा भरवसा नाही, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मागवलेत.