‘नक्कल’ या शब्दात टेस्लर आणि ॲटकिन्सन मावत नाहीत

ॲपलने झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून चित्रमय पडदा (आज्ञा टाइप करण्याऐवजी पडद्यावरील खिडक्या आणि चित्रे माउसने हाताळण्याची पद्धत) जसाच्या तसा उचलला, हे आपल्या लेखातील विधान मला अपुरे वाटते. १९७३ साली त्या केंद्रात घडलेल्या ‘आल्टो’ संगणकावर खिडक्या आणि माउस होते आणि १९७९ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी तेथील काम पाहिले, हे खरेच आहे (माउस तर त्याही आधीचा, डग्लस एंगलबार्ट यांचा). परंतु झेरॉक्सने १९८१ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘स्टार’ची किंमत सोळा हजार डॉलरांहून अधिक होती, तर ॲपलचा १९८४ चा मॅकिंटॉश संगणक २,४९५ डॉलरांना मिळत होता आणि त्याची स्मृती (मेमरी) अवघी १२८ किलोबाइट होती. एवढ्याशा जागेतही चालणारी, एकमेकींवर आलेल्या खिडक्यांचा दिसणारा भाग तेवढाच झपाट्याने रेखाटण्याची युक्ती ॲपलचे प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांनी स्वतः शोधली. ती कोठूनही उचललेली नव्हती.

लेखात संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांचा उल्लेखच नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटले. संगणक कोणत्या अवस्थेत (अक्षरे लिहून घेण्याच्या की आज्ञा घेण्याच्या) आहे हे वापरणाऱ्याला लक्षात ठेवावे लागू नये, अक्षराची कळ दाबली की अक्षरच उमटावे, हा आग्रह त्यांनी आधी झेरॉक्समध्ये आणि १९८० नंतर ॲपलमध्ये धरला, आणि कट, कॉपी, पेस्ट ही आज सर्वांच्या अंगवळणी पडलेली पद्धत त्याच विचारातून आली. आज्ञा पाठ नसलेल्या माणसाला संगणकासमोर निर्धास्तपणे बसता आले, ते माउसइतकेच या आग्रहामुळे.