माझी गाठ, नि माकाच शेवटाक

गेल्या गणपतीनंतर आईच्या मानेत थायरॉईडची गाठ निघाली, सुईची तपासणी झाली, आणि रिपोर्ट आईच्या हातात आलाच नाही. लॅबमधल्या पोराने फोटो काढून दादाला व्हॉट्सॲपवर टाकला, दादाने घाबरून घरच्या ग्रुपवर, तिथे आम्ही चौतीस जण, आणि पाचच मिनिटांत डोंबिवलीच्या मावशीने रडत थेट आईलाच फोन लावला. कॅन्सर हा शब्द आईला असा कळला. संध्याकाळी मला म्हणाली, "माझी गाठ, नि माकाच सगळ्यांच्या शेवटाक कळली."

मी ओहायोत असते. सुट्टीत मालवणला गेलं की आभा कार्डावरून, म्हणजे सरकारच्या त्या आरोग्य ओळखपत्रावरून, घरात वाद ठरलेला. चुलतभाऊ म्हणतो, त्या १४ आकड्यांमागून सरकार आपले आजार बघणार. दादा म्हणतो, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? मला दोघांचंही पटत नाही. चुलतभावाची भीती खोटी नाही, २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे कॉम्प्युटर हॅक होऊन दिवसचे दिवस कागदावर काम चाललं होतं. पण आमच्या घरातली माहिती दिल्लीतून नाही फुटली, ती मोबाईलवरच्या एका फोटोतून फुटली, आणि फोडणारे आम्हीच.

इकडे अमेरिकेत पेशंटची माहिती जपायला १९९६ चा हिपा कायदा आहे. डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलं की त्याचा कागद देतात, पोच म्हणून सही घेतात, वाचत कोणी नाही. घरच्यांना काही सांगायचंच नाही असं त्यात नाहीये बरं का, पेशंटची हरकत नसेल तर सांगता येतं, रिसेप्शनवाल्या उगाच कायद्याकडे बोट दाखवतात. आणि इथे सगळं सुरक्षित आहे असंही समजू नका, २०२४ मध्ये बिलांचं काम करणारी एकच कंपनी हॅक झाली आणि साधारण १९ कोटी लोकांची माहिती गेली. हातातल्या घड्याळाला, फोनमधल्या पाळीच्या ॲपला तर हिपा बहुतेक वेळा लागूच होत नाही.

मग मला इथलं आवडतं काय, तर फाईल माझी असते. मागितली की साधारण ३० दिवसांत द्यावी लागते, रिपोर्ट तर फोनवर आधी मलाच दिसतो. याचा त्रासही भोगलाय, एकदा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून एकटीने नको तो रिपोर्ट वाचला, डॉक्टरांचा फोन दुसऱ्या दिवशी. तरी डोंबिवलीहून कळण्यापेक्षा बरं.

दादा मुंबईत दुसरं मत घ्यायला निघाला तेव्हा हॉस्पिटलवाले म्हणाले, डिस्चार्ज कार्ड न्या, बाकी फाईल आमची, झेरॉक्स मिळत नाही. आता गंमत बघा, मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात की पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. वाडीत कोणालाच माहीत नाही. लोकांची खाजगी माहिती जपायच्या २०२३ च्या डेटा कायद्यावर चर्चा भरपूर, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बरंचसं लागू व्हायला अजून दीड वर्ष दिलंय, आणि आजारपणाच्या माहितीला त्यात वेगळी अशी जागाच नाही. ते होईल तेव्हा होईल, ७२ तासांचा नियम तर इतकी वर्षं पडून आहे.

गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं हे वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. आईची साखर उतरून ती बाजारात बसली तेव्हा रिक्षावाल्याला तिचा डायबेटिस माहीत होता म्हणून आधी साखर तोंडात आणि मग दवाखाना. इथे शेजारीण आठवडाभर ॲडमिट होती, मला कळलं ते दारात साचलेल्या पार्सलांवरून.

दादाला म्हटलं, आईच्या सहीने लेखी अर्ज दे, तारीख घाल, पोच घे. "तू थंयसून कायदे शिकव," म्हणाला, पण गेला. चौथ्या दिवशी फाईल मिळाली. फोटो काढून ग्रुपवर टाकणार एवढ्यात आईने ती काढून घेतली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. आता म्हावरेवालीलासुद्धा ऑपरेशनचा व्रण दाखवते, अगदी रंगवून.