बाहत्तर प्लॉट

माझ्या पाकिटात सध्या आधार कार्डाएवढा एक बदाम आहे. लॅमिनेट केलेला. त्याचे मी रोख चाळीस रुपये मोजलेत आणि तो कशाच्याही कामाचा नाही. फेकवतही नाही, कारण फेकला की चाळीस रुपये गेले हे कबूल केल्यासारखं होतं.

येत्या रविवारी आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात. बायकोला हाताने शिवलेलं शुभेच्छापत्र द्यायचं मी ठरवलं होतं. शिवलेलं म्हणजे खरोखरच सुई-दोऱ्याने. जाड कार्डाखाली जुना टॉवेल घालायचा, वर नमुन्याचा कागद ठेवायचा, बाटलीच्या बुचात उलटी खोचलेली सुई घेऊन टिंबाटिंबावर भोकं पाडायची. मग भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातला एकच पदर सोडवून त्या भोकांतून ओवत न्यायचा. गाठ मारायची नाही, तिचा उंचवटा पुढून दिसतो. दोऱ्याचं शेपूट मागून चिकटपट्टीने दाबायचं. जुलैत गोव्यातल्या आमच्या फोंड्यात चिकटपट्टी बोटाखेरीज कशालाही चिकटत नाही, ते असो. कार्डंसुद्धा ओल्या पापडासारखी लोंबतात, म्हणून मी ती तांदळाच्या डब्यात ठेवतो. हायस्कुलातून रिटायर झाल्यापासून हा माझा उद्योग. जुने सहकारी भेटले आणि "हल्ली काय करतोस?" म्हणाले की मी "वाचन" असं सांगतो.

नमुने शोधणं हा खरा छळ. इंटरनेटवर ‘फुकट’ लिहिलेलं पाहून नाव, ईमेल आणि जन्मतारीख देऊन आत शिरावं, तर हाती लागतो स्नोमॅन. नाहीतर घुबड. नाहीतर ट्यूलिप. या कामाचा नेदरलँड्समध्ये मोठा शौक आहे, त्यामुळे ट्यूलिपचं मी समजू शकतो. पण चवथीला मी कुणाला स्नोमॅन पाठवू? गणपतीच्या वर टांगतात ती फळांची माटोळी नाही, समई नाही, अबोलीचा वळेसर तर नाहीच. आमच्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीकाम असतं. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा लेप द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा वर आणायचा. कंपासने काढलेली ती वर्तुळं आणि पाकळ्या जशाच्या तशा कार्डावर उतरतील. माझ्या माहितीतल्या एका भिंतीचा फोटो काढायला गेलो, तर तिला नुकताच पिस्ता रंगाचा ऑइलपेंट लागला होता. समितीचे लोक वर मलाच विचारत होते, "सर, आता कसं स्वच्छ वाटतं ना?"

शेवटी गणिताला शरण गेलो. वर्तुळावर सारख्या अंतराने 72 भोकं आणि बेचा पाडा. 1 वरून 2, 2 वरून 4, 3 वरून 6. 36 च्या पुढे गेलं की उत्तरातून 72 वजा करायचे, म्हणजे 37 वरून पुन्हा 2, 38 वरून 4. सगळे दोरे सरळ, पण त्यांच्या गर्दीतून मधोमध बदाम उमटतो. सरळ दोऱ्यांतून वक्ररेषा शिवण्याची ही युक्ती मेरी एव्हरेस्ट बूल (1832–1916) या बाईंची. मुलांना भूमिती हातांतून कळावी म्हणून त्या त्यांना सुई आणि कार्ड देत. नवरा जॉर्ज बूल, म्हणजे ज्याच्या बीजगणितावर आजचा प्रत्येक कॉम्प्युटर चालतो तो. काका जॉर्ज एव्हरेस्ट, म्हणजे हिंदुस्थानचे सर्व्हेयर जनरल, ज्यांचं नाव शिखराला आहे ते. काकांचा उल्लेख मी पुढे करायला नको होता.

तर नमुन्याची फाइल झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲप केली आणि मागोमाग छत्री घेऊन स्वतः गेलो. मुलाला बजावलं, "शंभर टक्के साइझ. फिट टू पेज करू नकोस. वर्तुळ दहा सेंटिमीटरचंच यायला हवं." तो "हय सर" म्हणाला. तीस वर्षं वर्गात ऐकलेलं "हय सर" होतं ते. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

शेजारी रेनकोटमधले एक गृहस्थ उभे होते. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. एक-चौदाच्या, म्हणजे आमच्याकडच्या सातबाराच्या, उताऱ्याच्या सहा प्रती काढायला आलेले. पडद्यावर माझं वर्तुळ उघडलं तशी त्यांची मान एकदम लांब झाली.

"हो प्लॅन खंयचो?"

"प्लॅन नव्हे. नमुना आहे. शिवणाचा."

"शिवणाचा," ते म्हणाले, जसं काही शिवण हा सत्तरी तालुक्यातला गाव आहे. मग पुटपुटत आकडे मोजू लागले. "बाहत्तर प्लॉट! आणि रस्ते कितले हे! पंचायतीन पास केले?"

"ते रस्ते नाहीत, दोरे आहेत."

"आणि मदीं हें कितें? तळें?"

"बदाम."

यावर त्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. बदामाच्या आकाराचं तळं ठेवणारा माणूस लहानसहान बिल्डर नसणार. मला तिथे गप्प बसता आलं असतं. पण समोरच्याला एखादी गोष्ट कळलेली नाही असं दिसलं की माझा हात आपोआप खडू शोधू लागतो. मी त्यांना पाडा समजावला. म्हणालो, "आता बघा, 24 वरून 48 ला जायचं. आणि 48 ची दुप्पट 96, वजा 72, म्हणजे परत 24. एकाच जागेवरून दोनदा दोरा जातो."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "म्हणजे 24 आनी 48 चें लिटिगेशन आसा."

"आणि 72 वरून कुठेच जायचं नाही. 72 ची दुप्पट पुन्हा 72 च."

"तो ओपन स्पेस. दवरचोच पडटा." मग माझ्या कानाशी येऊन, "सनद जाल्या?" म्हणजे जमीन बिगरशेती करायचा परवाना मिळाला का.

मी वैतागून म्हटलं, "अहो, ही एका बाईंनी मुलांना गणित शिकवायला काढलेली पद्धत आहे. त्यांचे काका सर्व्हेयर जनरल होते, पण..."

झालं. "सर्व्हेयर जनरल!" ते मुलाकडे वळले. "आरे, हांचो मनीस वयर आसा! पावसांत कागद उरना. लॅमिनेशन घाल ताका!"

मुलगा दिवसभर आधार कार्डंच छापतो. लॅमिनेशन म्हटलं की त्याचा हात आपसूक त्याच साइझवर जातो. मी "अरे, नको" म्हणेपर्यंत यंत्रातून गरमागरम बदाम बाहेर पडला होता. दहाचं वर्तुळ पाचाचं झालेलं. 72 भोकांत दोन मिलिमीटरचंच अंतर. त्यावर सुई चालवली तर कार्ड पोस्टाच्या तिकिटासारखं कडेने फाटून हातात येणार. बूलच्या बीजगणितावर चालणाऱ्या यंत्राने त्याच्याच बायकोच्या टाक्यांची ही दशा केली, आणि निमित्त तिचा काका. अख्खं कुटुंब त्या दुकानात होतं. मुलगा म्हणाला, "सर, चाळीस." मी दिले. मागे रांग वाढली होती आणि सगळे माझ्याकडे प्लॉटवाल्याकडे पाहावं तसे पाहत होते.

त्या गृहस्थांवर चिडायचं तरी कसं? 3,702 चौरस किलोमीटरच्या या राज्यात कागदावर आकडे घातलेली टिंबं दिसली की त्याचा दुसरा अर्थच उरलेला नाही. आमच्या गॅलरीतून दिसणारी टेकडी दोन पावसाळ्यांपूर्वी अख्खी होती. आता मधोमध तांबडी माती उघडी पडली आहे, हुबेहूब कावीचा रंग, आणि तिच्यावर चुन्याच्या सरळ रेघा मारल्यात. एखाद्याने फुकट, कुणालाही न विकता काही आखलं असेल हे कुणाच्या मनात तरी का यावं? माझं काम कुणाला कळलं नाही याचा राग नाही. थोडा आहे.

घरी बायकोला सगळं सांगून टाकलं. रविवारचं गुपित तिथेच संपलं. तिने लॅमिनेशन हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "बाहत्तर भोकं ना? म्हणजे पाच-पाच अंश. मग झेरॉक्सवाल्याकडे कशाला गेलात?" आणि माझ्या कपाटातली कंपासपेटी काढून टेबलावर ठेवली. गणित मी तीस वर्षं शिकवलं. ती मराठी शिकवायची.

आज सकाळी बाजारात केळी निवडत होतो, तर कोपराला धक्का बसला. तेच गृहस्थ. आजही रेनकोट, आजही फाइल. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "24 आनी 48 चो निकाल लागलो?"

मी म्हटलं, "तडजोड झाली."

"बरें जालें. मागीर एक म्हाका दवरात."

"72 घ्या," मी म्हणालो. "तिथून कुठेच जावं लागत नाही."