‘विक्री वाढवा, तंगी संपेल’: या सल्ल्याचा हिशेब मांडून पाहू

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. ‘धंद्यात पैसा का टिकत नाही?’ असं वर ठळक, आणि खाली पाच सूत्रं. विक्री दुप्पट करा, बाकी सगळं आपोआप जुळतं. भाव पाडा, गिऱ्हाईक ओढा. मोठ्या कंपनीकडे तगादा लावू नका, ऑर्डर जाईल. मालकाने पगार घ्यायचा नसतो, गल्ला त्याचाच असतो. आणि बँकेची पायरी चढू नका, कर्ज म्हणजे गळफास. शेवटी जोडलेले हात.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या छोट्या मशीन शॉपचे हिशेब बघतो. मेसेज पाठवणाऱ्यांत दोघं माझेच क्लायंट. दोघांचीही विक्री गेल्या वर्षी वाढली, आणि पगाराच्या तारखेला दोघांचेही फोन बंद होते. म्हणून हे लिहायला बसलो.

‘विक्री दुप्पट करा, बाकी आपोआप जुळतं’

कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, विकत घेऊन, मशीनिंग करून विकणारा एक कारखाना धरा. महिन्याला १० लाखांची विक्री. त्यात ६ लाखांचं कास्टिंग. मजुरी, वीज, टूल्स, भाडं मिळून ३ लाख. उरला १ लाख. कागदावर झकास. पण कास्टिंग ओतून देणारी फाउंड्री ३० दिवसांची उधारी देते, कामगार आणि वीज बिल थांबत नाही, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ९० दिवसांनी. म्हणजे कुठल्याही दिवशी तीन महिन्यांच्या मालाचा खर्च, २७ लाख, बाहेर अडकलेला. त्यातून फाउंड्रीचे ६ लाख वजा केले तरी २१ लाख मालकाला कुठून तरी आणून घालून ठेवावे लागतात.

आता विक्री दुप्पट केली. २१चे ४२ झाले. नफा १ लाखाचा २ लाख झाला हे खरं, पण वरचे २१ लाख कोण देणार? वाढलेला नफा सगळाच्या सगळा धंद्यात ठेवला, घरी एक रुपया नेला नाही, तरी ते भरून निघायला दहा महिन्यांहून जास्त लागतात. तोवर दहा पगार होतात.

यात जीएसटी धरलेलाच नाही. १८ टक्क्यांनी विक्रीवर १ लाख ८० हजार, कास्टिंगवर भरलेला १ लाख ८ हजार वजा जाऊन साधारण ७२ हजार दर महिन्याला भरायचे. हा कर बिलाच्या तारखेला लागतो, पैसे हातात आल्याच्या तारखेला नाही. गिऱ्हाइकाने तीन महिने रखडवलं तरी तुमचा भरणा पुढच्याच महिन्यात, आणि चुकला तर वर्षाला १८ टक्के व्याज.

मेसेजचं म्हणणं सगळीकडेच खोटं आहे असं नाही. महिन्याचे पैसे आगाऊ घेणाऱ्या खाणावळीचे मेंबर वाढले तर तिच्याकडे रोख वाढतेच, किराणा मात्र उधारीवर येतो. पण मेसेज फिरतोय तो उधारीवर माल देणाऱ्यांच्या ग्रुपवर.

‘भाव पाडा’

यावर जास्त शाई नको. १०० रुपयांच्या वस्तूत माल-मजुरीचे ८० जात असतील आणि भाव १० टक्के पाडला, तर २० रुपयांचे १० राहतात. पूर्वीइतकंच मिळवायला दुप्पट माल काढावा लागतो, आणि दुप्पट माल काढला की काय होतं ते वर आलंच.

‘तगादा लावू नका, ऑर्डर जाईल’

मला सगळ्यात जास्त चीड या सूत्राची येते, कारण यात भीती खरी आहे आणि सल्ला घातक. ऑर्डर जाते कधी कधी. मी पाहिलंय. पण कायदा काय देतो हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

२००६च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला खरेदीदाराने कराराच्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे असू शकत नाही. लेखी ठरलेलं काही नसेल तर १५ दिवस. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ‘९० दिवस’ छापलं म्हणून ते कायदेशीर होत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. अशा थकबाकीसाठी राज्य सरकारने नेमलेल्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. ९० दिवसांत निकाल हे कायद्यातलं वाक्य आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागू शकतो. मात्र निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला तो कोर्टात उलटवायचा असेल, तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. हे कलम माहीत असलेला परचेस मॅनेजर फोनवर जरा वेगळ्या आवाजात बोलतो.

१ एप्रिल २०२४पासून आयकराची तरतूदही लागू झाली: सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च धरता येत नाही. त्याच्या तोंडावर, २०२४च्या मार्चमध्ये, कापड बाजारात यावरून केवढी ओरड झाली होती! आमच्याकडे मात्र काही ठिकाणी वर्षानुवर्षं रखडलेली येणी मार्चअखेर वसूल झाली.

दोन अटी. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, हवी; ती फुकट आहे, आधार क्रमांकावर होते, कुणाला पैसे मोजू नका. आणि हा लाभ उत्पादन व सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँक कर्जाच्या प्राधान्यक्षेत्रापुरती.

भांडायचं नसेल तर दुसरी वाट आहे. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे लघुउद्योगांची बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची आहे. तिथे गिऱ्हाइकाने बिल मान्य केलं की बँक तुम्हाला पैसे देते, वसुली गिऱ्हाइकाकडून करते, आणि ते बुडालं तर तुमच्या गळ्यात येत नाही. तुमची कंपनी तिथे आहे का, हे विचारण्याला कुणी तगादा म्हणणार नाही.

‘मालकाचा पगार नसतो’

असतो. बाहेरचा सुपरवायझर ठेवला तर जे द्यावं लागेल ते खर्चात धरा, शेड स्वतःची असेल तर तिचं भाडंही. एका क्लायंटचं कोटेशन मी असं पुन्हा मांडलं, तर ज्या पार्टवर तो खूश होता त्यावर नगामागे तोटा निघाला. दहा-बारा तास तो स्वतः मशीनवर उभा होता, आणि ती मजुरीच नफा म्हणून दिसत होती. वर गल्ल्यातून लागेल तशी उचल, त्यामुळे धंद्यात तोटा की घरात खर्च जास्त, हे कधी कळलंच नाही. ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम घरच्या खात्यात टाकायला लागल्यावर तिसऱ्या महिन्यात उलगडा झाला. (घरी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.)

‘बँकेची पायरी चढू नका’

हा सल्ला पाळणारे कर्जमुक्त नसतात. ते महिना शेकडा तीनने बाहेरून उचलतात, म्हणजे वर्षाला ३६ टक्के, किंवा बायकोच्या पाटल्या गहाण ठेवतात. वरच्या कारखान्याची वर्षाची उलाढाल १ कोटी २० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीपासून चालत आलेल्या ठोकताळ्याने खेळत्या भांडवलासाठी अंदाजी उलाढालीच्या २० टक्के, म्हणजे २४ लाखांच्या सीसीचा (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तशी उचल देणारं कर्जखातं) विचार बँक करू शकते. तारण नसेल तर सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जहमी योजनेची हमी आहे, आणि एप्रिल २०२५पासून तिची मर्यादा १० कोटींवर गेली आहे. बँक मॅनेजर तारणच मागत बसला तर या योजनेचं नाव घेऊन बोला.

पण सीसी मिळाली म्हणजे सुटलो, असंही नाही. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि त्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात किती उचलता येईल ती मर्यादा, ठरते: माल अधिक येणी, वजा देणी, आणि त्यातून मार्जिन, म्हणजे मालकाचा स्वतःचा वाटा, वजा. साधारणपणे ९० दिवसांवरची येणी त्यात धरत नाहीत. त्या दोघा क्लायंटपैकी एकाच्या यादीत ३१ लाखांची येणी होती, त्यातली ७ लाखांची ९० दिवसांच्या पुढची, सगळी एकाच कंपनीकडची. तिला दुखवायचं नाही म्हणून त्याने वर्षभर साधं स्मरणपत्रही पाठवलं नव्हतं. बँकेच्या लेखी ते ७ लाख नव्हतेच.