आधी तुम्ही कोण ते सांगा

"मॅडम, आम्ही चार वेळा फोन केला होता. तुम्हीच कट केला."

आज दुपारी नाशिकला, माझ्या बँकेच्या गंगापूर रोड शाखेत हे वाक्य ऐकलं तेव्हापासून डोकं ठणकतंय. घरी आले, चहा घेतला, अण्णांच्या डोळ्यांत औषध घातलं, तरी राग उतरेना. म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

हो, कट केला. चारही वेळा केला. आणि उद्या पुन्हा तसाच फोन आला तर पुन्हा करीन.

माझी नाशिकची मंडळी जाणतातच, बाकीच्यांसाठी सांगते. बारा वर्षं मी इंग्लंडमध्ये आहे, रेडिंगला. इथे नाशिकला माझं एनआरओ खातं आहे, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथल्या कमाईसाठीचं खातं. इंदिरानगरच्या फ्लॅटचं भाडं त्यात जमा होतं आणि त्यातूनच अण्णांचं सगळं चालतं. औषधं, लाइट बिल, त्यांना सांभाळणाऱ्या मावशींचा पगार. केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख-पडताळणी, झालेली नाही म्हणून गेल्या महिन्यात बँकेनं ते खातं गोठवलं. मावशींचा पगार अडकला. त्या बाईनं एका शब्दानं मला कळवलं नाही. "ताई तिकडं एकटी, तिच्या जीवाला घोर कशाला" म्हणे. हे मला परवा इथे आल्यावर कळलं, आणि तेव्हा जी लाज वाटली ती बँकेतल्या कुणालाही कळायची नाही.

आता बँकेचे फोन मी का कट केले ते सांगते. कारण जानेवारीतला एक फोन.

गेल्या वर्षीची गोष्ट. पहाटेचे साडेचार, बाहेर मिट्ट काळोख. आपल्याकडे सकाळचे दहा वाजलेले, म्हणजे बँक नुकतीच उघडलेली. भारतातलं सिम मी रोमिंगवर चालू ठेवते, कारण ओटीपी त्यावरच येतो. परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, भारतातून अपरात्री फोन वाजला की पहिलं काय मनात येतं. मी "अण्णा?" म्हणूनच फोन उचलला.

"ताई, घाबरू नका, घरी सगळं ठीक आहे. मी गंगापूर रोड शाखेतून बोलतोय."

इतकं गोड मराठी! बोलण्यात आपल्याकडचा हेल. माझं पूर्ण नाव, अण्णांचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे, सगळं त्यानं बरोबर सांगितलं. म्हणाला, केवायसीची मुदत आज संपतेय, खातं बंद पडेल, अण्णांची गैरसोय होईल. तुम्हाला इतक्या लांबून यायला लागू नये म्हणून व्हिडिओवर करून देतो, दहा मिनिटांचं काम, व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवलीय ती उघडा फक्त. मी उठून कपाटातून पासपोर्टही काढला होता. फाइलवर बोट टेकणारच होते, तेवढ्यात तो म्हणाला, "फोन मात्र ठेवू नका हं ताई."

का नको ठेवू? मी म्हटलं, थांबा, मीच शाखेत फोन लावते. बस्स. आवाज बदलला. "मग दुपारी खातं बंद झाल्यावर रडत येऊ नका." मी फोन ठेवला आणि उजाडेपर्यंत पासपोर्ट मांडीवर घेऊन बसून राहिले.

ती फाइल म्हणजे एपीके होती, उघडली की मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवून ओटीपी चोरून वाचणारी. हे नंतर कळलं. आणखी एक गोष्ट नंतर वाचली तेव्हा अंगावर काटा आला. व्हिडिओ केवायसीसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये ज्या अटी घातल्या, त्यांत परदेशी आयपी पत्त्यावरून, म्हणजे परदेशातल्या इंटरनेटवरून, जोडणीच होऊ द्यायची नाही असं आहे. म्हणजे रेडिंगमध्ये अंथरुणात बसलेल्या मला व्हिडिओ केवायसी देऊ करणं हाच चोरीचा पुरावा होता. पण हे माझ्या बँकेनं मला कधी सांगितलं? बारा वर्षांत किती मेसेज आले, कर्ज घ्या, कार्ड घ्या, विमा घ्या. हे एक वाक्य आलं नाही.

आणि मग पावसाळ्यात बँकेचा खरा फोन आला. कसा? साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "केवायसी पेंडिंग आहे तुमची. व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख सांगा." मी विचारलं, तुम्ही बँकेतूनच बोलताय कशावरून? तर उत्तर, "मॅडम, बँकेतूनच बोलतोय ना." हा पुरावा! चोरानं निदान चार आकडे तरी सांगितले होते.

आता मला सांगा, त्या पहाटेनंतर मी काय करायला हवं होतं?

रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की व्यवहाराचे आणि सेवेचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करा, जाहिरातींचे १४० वरून. चांगला नियम आहे, मान्य. वेबसाइटसाठी डॉट बँक डॉट इन हा वेगळा पत्ता आणला तोही चांगलाच, आता तरी भलत्या लिंकवरची बँक ओळखता येईल. पण शाखेतून अजून मोबाइलवरूनच फोन येत असतील तर तो नियम माझ्या काय कामाचा?

अण्णा छत्तीस वर्षं नाशिकरोडला करन्सी नोट प्रेसमध्ये होते. आता त्यांना नीट दिसत नाही. पण आजही मावशींनी भाजीचे सुटे पैसे आणून दिले की ते नोटेच्या कडेवरून अंगठा फिरवतात. शंभराच्या नोटेला चार तिरक्या उठावदार रेघा, पाचशेच्या नोटेला पाच. दृष्टी नसलेल्या माणसाच्याही बोटांना कळावं म्हणून त्या मुद्दाम छापतात. शिवाय जलचिन्ह, धागा, उजेडात धरल्यावर जुळून येणारा आकडा. शंभर रुपयांचा कागद माझ्या आंधळ्या होत चाललेल्या बापाला स्वतःची ओळख पटवून देतो. आणि माझी सगळी शिल्लक सांभाळणारी बँक फोनवर "बँकेतूनच बोलतोय ना" म्हणते!

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिथेही म्हातारी माणसं रोज लुटली जातात. पण तिथे १५९ नंबर आहे. संशय आला की फोन ठेवायचा, १५९ फिरवायचा, तुमच्या बँकेला जोडून देतात. २०२१ पासून आहे. काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये, बोलणं चालू असतानाच, समोरचा माणूस खरोखर आमचाच आहे की नाही ते दिसतं. करायचं मनात आणलं तर होतं एवढंच माझं म्हणणं.

शाखेतल्या साहेबांनी वर ऐकवलं, "आम्ही पत्रही पाठवलं होतं." पाठवलं असेल. जून २०२५ पासून नियमच आहे, मुदतीआधी तीन सूचना, मुदतीनंतर तीन आठवणी, दोन्ही वेळा निदान एक तरी पत्रानं. ते पत्र गेलं प्रेसच्या जुन्या क्वार्टरच्या पत्त्यावर. पत्ता मी बदलून घेतला नव्हता. ती माझी चूक, कबूल.

पण हिशेब बघा ना. मी फोनवर ओटीपी दिला आणि पैसे गेले, तर २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान माझं, कारण निष्काळजीपणा माझा. आणि मी सावध राहिले, काहीच सांगितलं नाही, तर खातं गोठलं, आणि तेही माझ्यामुळेच. मग शहाण्या माणसानं वागायचं तरी कसं? आपण काय लबाडी करणारी माणसं आहोत का? अण्णांनी आयुष्यभर नोटांच्या थप्प्यांमध्ये काम केलं आणि संध्याकाळी सायकलवरून रिकाम्या खिशानं घरी आले. त्या माणसाच्या मुलीनं स्वतःची ओळख पटवायला दोन तास टोकन धरून उभं राहायचं.

(जेवून आले. आता जरा शांत लिहिते.)

काउंटरवरच्या मुलीबद्दल लिहायलाच हवं. पंचविशीतली असेल. साहेब आत गेल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, ते फोन मीच केले होते. चारपैकी तीन. माझ्याच मोबाइलवरून. रोज यादी देतात, फोन लावा म्हणतात. निम्मे लोक चोर समजून शिव्या घालतात." मला काय बोलावं सुचेना. तिसऱ्या वेळी मीही तिला फार वाईट बोलले होते. मी माफी मागितली. ती म्हणाली, "नाही, बरोबर होतं तुमचं. माझ्या आईलाही मी हेच शिकवलंय."

मग तिनंच सगळं नीट समजावलं. पासपोर्ट, व्हिसा, तिकडच्या पत्त्याचा पुरावा. तिकडूनच करायचं तर या प्रतींवर नोटरीची किंवा आपल्या वकिलातीची साक्षांकित सही चालते. माहितीत काहीच बदल नसेल तर नेटबँकिंगमधून किंवा नोंदवलेल्या ईमेलवरून स्वतःचं लेखी निवेदनही पुरतं. यातल्या कुठल्याही पद्धतीत ओटीपी कुणाला वाचून दाखवायचा नसतो. आणि कुणाचाही फोन आला तरी ठेवून द्यायचा, डेबिट कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा फोन नंबर आपण लावायचा. माझ्यासारख्या बाहेर असलेल्या सगळ्यांनी तो नंबर आजच वहीत लिहून ठेवा, कार्ड हरवलं तर तोही जातो. आणि पैसे गेलेच तर इथल्या घरच्यांना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगा, त्यात तास घालवू नका.

सहा वाजता खातं सुरू झालं. पहिलं काम मावशींचा अडकलेला पगार टाकला. मी हॉलमध्ये, त्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्यांचा मोबाइल वाजला. पिठाचे हात तसेच धरून त्या दारात आल्या.

"ताई, बँकेचा मेसेज आलाय. पैसे आले म्हणतोय. उघडू का? का खोटा असंल?"